सुहैलच्या सळया

पाण्याचा वार मंगळवार. तबरबूरच्या आमच्या चढावर नळाला आठवड्यातनं एकदाच पाणी येतं, आणि त्या सकाळी अख्खी गल्ली आपापल्या छतावर असते. कुणाची टाकी गळते, कुणाच्या टाकीतला तरंगता बॉल अडकतो, कुणी शेजाऱ्याच्या नावानं बोटं मोडतो. दैफल्ला म्हातारासुद्धा छतावर होता, पण टाकीपाशी नव्हता. डबा, ब्रश आणि सिमेंटचं पातळ पाणी घेऊन तो छतावरच्या सळया गंजू नयेत म्हणून रंगवत बसला होता.

बेचाळीस वर्षं हे चाललेलं. ऑलिव्हला मोहर आला की म्हातारा ब्रश शोधायला लागतो. छताच्या कडेनं आठ खांबांची डोकी, दर डोक्यातनं सहा सळया वर आलेल्या, छातीएवढ्या. पोरगा झाला की बापानं छतावर त्याच्या मजल्याच्या सळया सोडायच्या, हा आमच्याकडचा रिवाज. पोरगा मोठा होईल, कमवेल, त्याच सळयांना जोडून आपला मजला चढवेल. कुणाचा चढतो, कुणाचा नाही. लांबून बघितलं तर सगळी टेकडी आठवडाभर दाढी न केलेल्या माणसासारखी दिसते.

ह्या सळया सोडल्या त्या थोरल्या सुहैलसाठी. स्लॅब पडला तेव्हा तो दहा वर्षांचा होता, सिमेंटच्या गोण्या मोजत उड्या मारत होता. धाकटा मुनीफ पाळण्यात होता, त्याचं सुहैलच्या वर बघू, असं ठरलं. मधली रुदैना. तिच्यासाठी काही सोडायचा प्रश्नच नव्हता. मुलीच्या सळया तिच्या नवऱ्याच्या छतावर असतात असं सगळ्यांनी धरलेलं.

सुहैल दोहाला गेला त्याला सव्वीस वर्षं झाली. तो गेला त्याच महिन्यात त्याच्या आईनं, उम्म सुहैलनं, मातीनं भरलेली पिंपं खांबांच्या बुडाशी आणून ठेवली, द्राक्षाचा वेल लावला आणि सळयांवर चढवला. "पानं होतील, सावली होईल," म्हणाली. पानं झाली, सावली झाली, गल्लीतल्या अर्ध्या बायका भात भरायला पानं इथनं नेतात. पण खरं कारण दैफल्लाला ठाऊक होतं. त्या उघड्या सळया तिला बघवत नव्हत्या. ती जाऊन आता सहा वर्षं झाली. वेल आहे.

वेलाखाली पत्र्याच्या छपराची एक खोली. सोळा वर्षांपूर्वी रुदैना नवऱ्याचं घर सोडून एक शिलाई मशीन आणि दोन पिशव्या घेऊन परत आली, तेव्हा बापानं चार दिवसांत बांधून दिलेली. तिथं बसून ती शाळेचे गणवेश शिवते. आताही मशीनचा आवाज येत होता.

"याबा," जिन्यातनं सुहैलनं बापाला हाक मारली. "इंजिनियर आणलाय. जरा बाजूला होता?"

सुहैल तीन आठवड्यांपूर्वी कायमचा परत आला होता. कंपनीनं बावन्नाव्या वर्षी हातात घड्याळ दिलं आणि घरी जा म्हणाली. त्यातच कुतैबाचं, त्याच्या पोराचं, लग्न ठरलेलं. नवरीच्या बापानं एकच विचारलं होतं: पोरगी राहणार कुठं?

इंजिनियर तरुण होता, बूट स्वच्छ. त्यानं पिंप थोडं सरकवलं आणि सळईच्या बुडाशी हातोडीचा टोला दिला. सुकलेल्या कांद्यासारखे पापुद्रे पडले. दुसऱ्या खांबाला टोला. तेच. तिसऱ्याला मारायची गरज नव्हती, तरी मारला.

"वरनं तर चांगल्या दिसतात," सुहैल म्हणाला.

"वरनं रंगवल्यात," इंजिनियर म्हणाला, आणि सगळ्यांनी म्हाताऱ्याच्या हातातल्या ब्रशकडं बघितलं. "पिंपांचं पाणी रोज खाली झिरपत गेलं. लोखंड आतनं खल्लास. ह्यावर मजला नाही चढायचा, हाजी. चढवायचाच असेल तर पायापासनं सुरू करावं लागेल. खालच्या खोल्यांची फरशी उखडायची, खांब खोदून काढायचे, नवीन लोखंड घालून जाड करायचे. दीड वर्ष धरा."

"आणि आम्ही कुठं बसायचं?" म्हाताऱ्यानं विचारलं. "खड्ड्यात?"

"घर रिकामं लागेल."

इंजिनियर गेला. मशीनचा आवाज केव्हाचा थांबला होता.

"याबा, ऐका," सुहैल म्हणाला. "तुमच्यासाठी आणि रुदैनासाठी भाड्याचं घर बघतो. लिफ्टवालं. दीड वर्षानं परत या, खालचा मजला तुमचा, वरचा माझा, त्यावर कुतैबा, त्यावर मुनीफ."

"आणि रुदैना?"

"तुमच्याबरोबर."

"माझ्यानंतर?"

सुहैलनं टाकीकडं बघितलं. "देव तुम्हाला आयुष्य देवो."



"सत्याहत्तर वर्षांचा झालोय," म्हातारा म्हणाला. "दीड वर्षाकरता बाहेर पडलेला माणूस माझ्या वयाला परत येत नाही. मी ह्या घरातनं खांद्यांवरच निघणार. जा, टाकी भरली का बघ."

*

सुहैल वाईट पोरगा नव्हता. हे म्हाताऱ्याला चांगलं माहीत होतं, आणि तीच अडचण होती. वाईट असता तर एक शिवी देऊन मोकळं झालं असतं. सव्वीस वर्षं दर महिन्याला पैसे आले, दर ईदला फोन आला. आणि दर वसंतात म्हातारा फोनवर न चुकता सांगायचा, "तुझ्या सळयांना हात मारला बरं का." पलीकडनं सुहैल हसायचा. तेवढं ऐकून त्याचं वर्षभर भागायचं म्हणे.

गुरुवारी दुपारी जेवण झालं आणि म्हातारा टेकतोय तोवर दार वाजलं. जेवायला आलेल्या मुनीफनं उघडलं. दारात सुहैल, त्याच्यामागं कुतैबा, इस्त्री केलेल्या सदऱ्यात अवघडलेला. मग शेजारचा अबू मिस्बाह, डोक्याला स्वच्छ रुमाल, अंगावर काळा झगा. आणि सगळ्यात शेवटी, काठी टेकत, झर्काला गाडी पाठवून आणवलेली फिद्दा. दैफल्लाची थोरली बहीण, एकोणऐंशी वर्षांची, गुडघ्यांनी गेलेली, जिभेनं शाबूत.

म्हाताऱ्यानं अबू मिस्बाहचा झगा बघितला. हा झगा अबू मिस्बाह कुणाच्या घरी मुलगी मागायला जाताना घालतो.

"या, बसा," म्हातारा म्हणाला. "कुणाचं लग्न जमवायचंय? माझं?"

"तुझं जमलं असतं तर मी आधी त्या नवरीला विचारलं असतं," फिद्दा बसता बसता म्हणाली, "की बाई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना."

हसले सगळे, पण घाईघाईनं. मुनीफनं कॉफी आणली, वेलदोड्याची, कडू, बिनकानाच्या छोट्या पेल्यांत. डाव्या हातात भांडं, उजव्या हातात पेला, पहिला मान पाहुण्याचा. अबू मिस्बाहनं पेला घेतला, समोरच्या मेजावर ठेवला आणि त्यावर तळहात ठेवला.

 स्वयंपाकघराच्या दारात रुदैना उभी होती. तिचा हात पडद्यावर तसाच राहिला.

हे काय ते समजावून सांगायची गरज आमच्याकडं कुणाला लागत नाही. मोठं मागणं घेऊन माणसं येतात, त्याला जाहा म्हणतात. मुलगी मागायची असो की खुनाची माफी. म्होरक्या कॉफी हातात घेतो आणि पीत नाही. मागणं मान्य झालं तर पितो. नाही झालं तर भरला पेला तसाच ठेवून उठतो, आणि तो पेला त्या घरावर डाग म्हणून राहतो. म्हणून घरमालक सहसा पेला थंड होऊ देत नाही.

"अबू सुहैल," अबू मिस्बाहनं म्हाताऱ्याला मानानं, पोराच्या नावावरनं हाक मारली. बेचाळीस वर्षं अरे-तुरे करणारा माणूस आज अदबीनं बोलत होता. "आम्ही आपल्या दारी मागणं घेऊन आलोय. आपण मोठ्या मनाचे..."

"मिस्बाहच्या बापा, सरळ बोल. तुझ्या तोंडाला ते आपण-बिपण शोभत नाही."

अबू मिस्बाहनं घसा साफ केला. "बरं. सरळच सांगतो. ह्या छताचा स्लॅब पडला तेव्हा चाळीस घमेली मी खांद्यावरनं वर वाहिली. त्या हक्कानं बोलतोय. पोरगा परत आलाय. त्याला छप्पर पाहिजे. नातवाच्या नवरीला दार पाहिजे. घर दीड वर्ष रिकामं करून दे. होय म्हण, म्हणजे मी कॉफी पितो."

"बापाकडं घर मागायला जाहा आणतोस?" म्हातारा सुहैलकडं वळला.

"तुम्ही मला टाकी बघायला पाठवलंत, याबा," सुहैल हळू बोलत होता. "मग मी काय करू? सव्वीस वर्षं परक्या भिंतींत झोपलो. एका खोलीत सहा जण, मग चार, मग दोन. डोळे मिटले की हे छत दिसायचं, माझ्या सळया दिसायच्या. मला वाटायचं, आपलं तिथं काहीतरी धरून ठेवलंय. आता आलो तर तुम्ही म्हणता, जागा नाही."

 मुनीफनं म्हाताऱ्याच्याही हातात पेला दिला होता, तो त्यानं घट्ट धरून ठेवला.

"मुनीफ, तुझं काय म्हणणं?" त्यानं धाकट्याला विचारलं.

मुनीफ टॅक्सी चालवतो, आणि माणसाला न दुखावता घासाघीस कशी करायची ते त्याला येतं. "मी कुणाच्याच बाजूचा नाही," तो म्हणाला. "पण मजला मिळत असेल तर नाही कोण म्हणेल, याबा?"

"आणि तू?" म्हातारा बहिणीकडं वळला. "तू कुणाकडनं आलीस?"

"मला गाडीत घातलं आणि सांगितलं, आत्या, नवीन घरात लिफ्ट असणार, तू येशील राहायला," फिद्दा म्हणाली. "मला लिफ्टमध्ये बसायचं होतं. कधी बसले नाही."

पेल्यावरची वाफ बारीक होत चालली होती. बेचाळीस वर्षांत ह्या घरात एकही पेला भरलेला राहिला नव्हता. भांडणाला आलेला माणूससुद्धा कॉफी पिऊन गेला होता. म्हाताऱ्यानं पडद्याआडच्या मुलीकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर होय म्हणता आलं नसतं. त्यानं तोंड उघडलं.

"लवकर होय म्हण, दैफल्ला," फिद्दा म्हणाली. "थंड होतेय. मीसुद्धा लवकरच म्हटलं होतं."

म्हाताऱ्याचं तोंड मिटलं.

"काय म्हटलं होतंस, आत्याआजी?" कुतैबानं विचारलं. घरातल्या पोरांना ही गोष्ट कुणी सांगितलेली नव्हती.

"काही नाही रे. जुनं आहे." फिद्दानं काठी एका हातातनं दुसऱ्या हातात घेतली. "आमचा बाप गेला तेव्हा गावाकडं जमीन होती, ऑलिव्हची. माझा वाटा तीत होता. हा तुझा आजोबा एक दिवस माझ्या नवऱ्याच्या घरी आला, चुलत्यांना घेऊन. मी कॉफी दिली. ह्यानं पेला खाली ठेवला आणि त्यावर असाच हात ठेवला. म्हणाला, बहिणी, तुझा वाटा भावांना सोडून दे, कागदावर सही कर, मग पितो. माझी सासू दारात उभी. सगळे बघतायत. पेला थंड होतोय." ती थांबली. "मी सही केली. हा कॉफी प्याला. ती जमीन विकून ही जागा घेतली, आणि पुढल्या वर्षी ह्या घराचा पहिला दगड बसला."



"कधी बोलली नाहीस," म्हातारा म्हणाला. 

"दर ईदला तू आलास की, हातात मिठाईचा डबा घेऊन. एकदाही चुकला नाहीस. वाटा सोडला तर बाईला भाऊ तरी राहतो, घेतला तर तोही राहत नाही, असं आमच्या वेळी म्हणायचे. मी पण तेच म्हटलं." तिनं पडद्याकडं काठीनं दाखवलं. "आज मला गाडीत घालून आणलं तेव्हा वाटलं, जाऊ दे, आपल्याला काय. पण हा हात पेल्यावर बघितला आणि मला ती सही आठवली. त्या पोरीला सही करायलासुद्धा काही नाही, दैफल्ला. तिच्या नावावर तू पत्रे केलेस फक्त."

अबू मिस्बाहनं आपला हात पेल्यावरनं अलगद काढून मांडीवर ठेवला, आणि मग आठवलं म्हणून परत ठेवला.

म्हातारा उठला. गुडघे कटकटले. आपला पेला घेऊन तो स्वयंपाकघराच्या दारापाशी गेला. पडद्यामागं गणवेशाच्या गठ्ठ्याजवळ एक छोटं स्टूल होतं. खाली बसून त्यानं पेला स्टुलावर ठेवला आणि त्यावर आपला हात ठेवला. गवंडीकामात दगड घडवून घडवून ती बोटं वाकडी झाली होती, पण हलत नव्हती.

"याबा, काय करताय?" रुदैना म्हणाली. "उठा. लोक बघतायत."

"बघू देत. मी मागणं घेऊन आलोय." तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "मुनीफला टॅक्सी घेऊन दिली. सुहैलला शिकवलं, दोहाला पाठवलं. तुला मी पत्रे दिले. शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी कचेरी उघडली की हे घर, खालचं आणि छताचं, तुझ्या नावावर करतो. माझ्या हयातीत, माझ्या सहीनं, म्हणजे माझ्यामागं तुझ्यासमोर कुणी पेला ठेवणार नाही. बदल्यात एकच मागतो. मरेपर्यंत मला ह्यात राहू दे. होय म्हणालीस तर पितो."

"याबा," सुहैल उठला. "हे काय चाललंय? सगळं तिच्या नावावर?"

"बस," फिद्दा म्हणाली. "मागणाऱ्यानं मधे बोलायचं नसतं. तूच आणलीस ना जाहा, मग रीत पाळ."

 रुदैना बापाच्या हाताकडं बघत राहिली. सोळा वर्षांत ह्या घरात तिनं कुणाला काही मागितलं नव्हतं, पाण्याच्या दिवशी आपली बादलीसुद्धा शेवटी भरायची. मुनीफला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. ओढणी खोचली आणि बाहेर खोलीत आली.

"मी लगेच होय म्हणणार नाही," ती म्हणाली. "आत्या लगेच म्हणाली, त्यातनंच हे सगळं झालं."

"म्हणू नकोस," फिद्दा म्हणाली. "बसव थोडं म्हाताऱ्याला."

"अर्धं आत्याच्या नावावर. तिच्या जमिनीवर उभं आहे ते."

फिद्दानं तिच्याकडं असं बघितलं, जणू ही पोरगी ती आज पहिल्यांदाच बघतेय. "मला काय करायचंय घेऊन? मी ऐंशीची झाले."

"राहायचंय. खालच्या खोलीत. लिफ्ट नाही आपल्याकडं, पण पायऱ्याही नाहीत."

"आणि मग तिची पोरं येतील वाटा मागायला," मुनीफच्या तोंडून निघून गेलं.

"येऊ देत," म्हातारा दारातनं म्हणाला. "त्यांचाच आहे. चव्वेचाळीस वर्षं उशीर झालाय, एवढंच."

"दुसरं," रुदैना म्हणाली. "कुतैबा, इकडं बघ. तुझ्या सासऱ्याला मजला पाहिजे की घर?"

कुतैबानं बापाकडं बघितलं, मग रुदैनाकडं. "घर," तो म्हणाला. "दाराला कडी पाहिजे, एवढंच बोलले होते. मजल्याचं आम्हीच काढलं."

"मग मागच्या दोन खोल्या घे. नवरी घेऊन ये. कडी मी बसवून देते. सुहैल भाऊ, तुम्ही आणि वहिनी पुढच्या खोलीत राहा, तुमची जागा बघून होईपर्यंत. वर्ष लागो, दोन वर्षं लागोत, कुणी जा म्हणणार नाही. पण पायाला हात लावायचा नाही. फरशी उखडायची नाही. याबांना ह्या घरातनं कुणी हलवायचं नाही."

"आणि माझा मजला?" सुहैलनं विचारलं. आवाज बावन्न वर्षांच्या माणसाचा नव्हता.

रुदैना त्याच्याजवळ गेली. "तो मजला गंजला, भाऊ. कुणी खाल्ला नाही. गंजला."

मग ती स्टुलाजवळ गेली, बापाचा हात धरून पेल्यावरनं उचलला आणि म्हणाली, "मागणं मान्य. प्या, याबा."

म्हाताऱ्यानं एका घोटात पेला रिकामा केला आणि पुरे म्हणून हलवून परत दिला.

"माझ्याचं काय?" अबू मिस्बाहनं विचारलं. तो बिचारा अजून हात ठेवून बसला होता.

"तुझं मागणं मान्य नाही," म्हातारा म्हणाला. "उठायचं असेल तर उठ. माझ्या घरावर डाग लागला तर लागू दे. आधीचा ह्यापेक्षा मोठा होता."

अबू मिस्बाहनं पेल्यात डोकावून बघितलं. मग त्यानं रुमाल मागं सारला, पेला उचलला आणि प्याला. तोंड वाकडं केलं. "बर्फ झालीय," तो म्हणाला. "पण गल्लीत मी सांगणार की मी प्यालो. काय मागितलं होतं ते मला म्हातारपणामुळं आठवत नाही."

सुहैल मात्र कुणाचं ऐकायला थांबला नाही. जिन्यातनं त्याची पावलं वर गेलेली ऐकू आली.

*

रविवारी कचेरीत तिघांच्या सह्या झाल्या. फिद्दानं अंगठा दिला नाही, सही केली. वाकडी झाली, तरी तीच हवी म्हणाली. सुहैल आला नाही.

मंगळवारी पुन्हा पाण्याचा वार. म्हातारा सकाळीच छतावर गेला, पण ह्या वेळी हातात ब्रश नव्हता, अबू मिस्बाहच्या पोराकडनं आणलेलं कटर मशीन होतं. वेलासाठी मुनीफनं लोखंडी पाइपांचा नवा मांडव आदल्या दिवशी उभा केला होता. सळया कापायच्या आणि वेल त्यावर सरकवायचा, एवढंच काम. पण सव्वीस वर्षांचा वेल, त्याचं ओझं केवढं. एकटा माणूस कापणार कसा आणि धरणार कसा?

जिन्यात पावलं वाजली. सुहैल वर आला. दाढी वाढलेली.

"तुम्हाला ठाऊक होतं?" त्यानं विचारलं. ना सलाम, ना दुआ, थेट. "आतनं गंजल्यात ते?"

म्हातारा मशीनची वायर सोडवत राहिला. "गवंडी आहे मी. पिंपं ठेवली तेव्हाच कळलं होतं पाणी कुठं जाणार ते."

"मग आईला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? तुझा वेल पोराचा मजला खातोय म्हणून सांगू? त्या वेलावर ती रोज पाणी घालायची आणि रोज तुझ्याशी बोलायची. मी खालनं ऐकायचो."

"आणि दर वर्षी मला फोनवर, सळयांना हात मारला..."

"मारत होतो की. खोटं नव्हतं. वरनं मारत होतो." म्हाताऱ्यानं वर बघितलं. "तुला सांगायचं धाडस नव्हतं, पोरा. तू तिकडं ह्या सळयांच्याच भरवशावर झोपत होतास."

 खालच्या गल्लीत कुणाची तरी टाकी भरून वाहायला लागली होती आणि शेजारीण ओरडत होती. पत्र्याच्या खोलीत रुदैनाचं मशीन सुरू झालं, थांबलं, परत सुरू झालं.

"कुठनं धरू?" सुहैलनं विचारलं.

"खालनं. खांदा लाव. फांदी मोडायची नाही."

सुहैलनं वेलाखाली खांदा घातला आणि सगळं ओझं अंगावर घेतलं. पानं त्याच्या डोक्यावर आली, कानात गेली. म्हाताऱ्यानं कटर लावलं. ठिणग्या उडाल्या, लोखंडाचा वास सुटला, पहिली सळई छतावर पडून वाजली. मग दुसरी. वरनं चांगली दिसणारी, बुडाशी पोकळ.

सहाव्या सळईला सुहैलचे पाय थरथरायला लागले.

"याबा, किती वेळ धरू अजून?"

"तुझ्या आईनं वीस वर्षं धरला होता," म्हातारा म्हणाला, आणि मशीन पुढच्या खांबाला लावलं. "उभा राहा."

सुहैलनं पाय फाकवून पक्के रोवले, खांदा आणखी आत घातला आणि उभा राहिला.